अडलेला कॅमेरा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस आमंत्रण दिले, तेव्हा किमान वेतन, बोनस किंवा कामगार कायदा यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो जुन्या, फिल्मवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा. आणि त्यातही तो अडला म्हणजे काय करावे, एवढ्यापुरताच. चालकांनी तो विनातक्रार मान्य केला, याबद्दल त्यांचे प्रथम आभार मानतो.

हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत आमचे काम चालते. तेथे गेल्या काही वर्षांत घराघरांतल्या ट्रंका उघडू लागल्या आहेत. वडील जातात, मागे ट्रंक उरते, आणि ट्रंकेच्या तळाशी कातडी वेष्टनातला एखादा कॅमेरा निघतो. नव्या पिढीतल्या काही मुलामुलींना फिल्मवर छायाचित्रे घेण्याची हौसही पुन्हा लागली आहे. तो कॅमेरा हातात घेतला की दांडी हलत नाही, कळ दबत नाही. मग कोणीतरी तो संघटनेच्या कचेरीत घेऊन येतो, कारण आम्हांला त्यातले थोडेफार कळते अशी बातमी पसरलेली आहे. जे कळते ते शाळेतले नाही. रद्दीतली पुस्तके, एका जुन्या फिटरची संगत आणि मेलेले कॅमेरे उघडून पाहण्याची सवय, एवढीच आमची पाठशाळा. त्या शिदोरीवर जे चार शब्द सांगता येतील ते सांगतो.

प्रथम हे पाहू की कॅमेरा अडतो तरी कशासाठी. जुन्यातला जुना पेटीवजा कॅमेरा कधी अडतच नसे. १९०० साली अमेरिकेत एका डॉलरला विकावयास निघालेला 'ब्राउनी' काय, किंवा आपल्याकडे बडोद्याला तयार होणारा आगफाचा 'क्लिक थ्री' काय, अशा साध्या कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकविणे आणि कळ दाबणे या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध नसे. मागच्या लाल खिडकीतून आकडा पाहावयाचा, मूठ फिरवावयाची, आणि कळ दाबावयाची. मूठ फिरविण्यास विसरलात तरी कळ दबतच असे. आणि मग लग्नातल्या मुंडावळ्यांवर दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाची केळी उगवत! एका चित्रावर दुसरे चित्र बसत असे, आणि ते कळावयाचे फिल्म धुऊन आल्यावर.

हे टाळण्यासाठी कारागिरांनी दोन्ही कामे एकमेकांना बांधून टाकली. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात आपण अंगठ्याने दांडी ओढतो, तेव्हा आत तीन गोष्टी एकदम होतात. बहुतेक कॅमेऱ्यांत आठ दातांचे एक चाक असते. ते एक फेरा फिरते आणि फिल्म बरोबर आठ भोके, म्हणजे एक चित्र, पुढे सरकते. शटरची स्प्रिंग ताणली जाते. आकडा एकाने वाढतो. हे पुरे झाले की एक खटका पडतो आणि दांडीला कुलूप बसते. ते कळ दाबल्याशिवाय निघत नाही. उलट, दांडी पुरी ओढल्याशिवाय कळीचे कुलूप निघत नाही. एक दार लागल्याखेरीज दुसरे उघडावयाचे नाही, असा हा बंदोबस्त आहे.

आमच्या मागवाल्या बंधूंना हे समजावून सांगावे लागत नाही. मागावर बाणा तुटला की काट्याला धागा लागत नाही आणि माग थांबतो. धोटा पलीकडच्या पेटीत पोहोचला नाही, तर फणी पुढे येण्याआधीच माग जागच्या जागी आपटून उभा राहतो. तो तसा उभा राहिला नाही तर धोटा ताण्यात सापडेल आणि शेकडो धागे एका झटक्यात तुटतील. नवखा मनुष्य म्हणतो, माग बिघडला. जाणता मनुष्य म्हणतो, मागाने कापड वाचविले. कॅमेऱ्याचेही तेच आहे. तो अडतो तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा तो मोडलेला नसतो. काहीतरी वाचविण्यासाठी थांबलेला असतो. म्हणून पहिला नियम असा की, यंत्राने नकार दिला म्हणजे त्याचे कारण विचारावे, जोर करू नये. अंगठ्याच्या पेरात जेवढे बळ आहे तेवढे कॅमेऱ्याचे. मनगटाचे बळ तेथे कामाचे नाही.

आता विचारावयाचे प्रश्न क्रमाने घेऊ. क्रमाला महत्त्व आहे. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'काही बिघडलेले नाही' असेच निघते, आणि जो एकदम शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो तो पेचकस हातात घेऊन बसतो.

पहिला प्रश्न: फिल्म संपली आहे काय? छत्तीस चित्रांची फिल्म कधी सदतिसाव्याला संपते, कधी पस्तिसाव्यालाही, कारण लावताना पुढचा तुकडा किती गेला त्यावर ते अवलंबून असते. फिल्मचे शेवटचे टोक डबीतल्या दांड्याला चिकटविलेले असते. ते टोक आले की दांडी अर्ध्यात थांबते. येथे जोर केला तर दोनांपैकी एक गोष्ट घडते: फिल्मची भोके फाटतात, किंवा फिल्म डबीतल्या दांड्यापासून उखडून निघते. करावयाचे एवढेच की, फिल्म मोकळी सोडणारा खटका दाबावा आणि वरच्या चकतीने फिल्म उलटी गुंडाळून घ्यावी. हा खटका बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाशी, एखाद्या बारीक बटणासारखा असतो.

दुसरा प्रश्न: कॅमेरा कशाची वाट पाहतो आहे काय? दांडी पूर्ण ओढली आहे काय? १९५४ साली निघालेल्या 'लायका एम थ्री'च्या पहिल्या कॅमेऱ्यांत ती दोनदा ओढावी लागे; एकदाच ओढणाऱ्याला तो बिघडलेला वाटे. आपल्याकडच्या स्टुडिओंतून वर्षानुवर्षे राबलेल्या 'यशिका मॅट'मध्ये हँडल पुढे फिरवून झाल्यावर उलट फिरवून परत आणावे लागते. 'निकॉन एफएम टू'मध्ये दांडी अंगापासून थोडी बाहेर ओढल्याशिवाय कळ दबत नाही. वेगाची चकती दोन आकड्यांच्या मध्ये तर राहिलेली नाही? भिंग पुरते बसले आहे काय? आणि स्वतःचाच फोटो काढण्यासाठी दिलेली ती विलंबाची दांडी अर्ध्यात तर अडकलेली नाही? जुन्या कॅमेऱ्यांतली ही विलंबाची चक्रे फार लवकर आळसावतात आणि मग सगळ्या शटरलाच धरून ठेवतात. ज्याला कॅमेरा टिकवावयाचा आहे त्याने ती वापरूच नये.

याच प्रश्नात बॅटरी येते. १९७६ साली निघालेला 'कॅनन एई वन' फार खपला. त्याचे शटर विजेवर चालते. सहा व्होल्टची बॅटरी मेली की कळ दबत नाही. कळ दबत नाही म्हणून दांडी हलत नाही. आणि धनी समजतो की आतले चाक मोडले. नवी बॅटरी घालून, टोकांवरचा हिरवट गंज पुसला की तो निमूटपणे चालू लागतो. त्याच साली निघालेला 'पेंटॅक्स के थाउजंड' मात्र बॅटरीवाचून सगळी चित्रे काढतो. त्याला बॅटरी लागते ती केवळ उजेड मोजण्यासाठी. तेव्हा आपल्या हातातला कॅमेरा कोणत्या जातीचा आहे, हे आधी माहीत पाहिजे.

तिसरा प्रश्न: कामाचा क्रम चुकला आहे काय? येथे सोव्हिएत बनावटीच्या कॅमेऱ्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. युक्रेनमधील खारकोव्ह येथे बेवारस मुलांसाठी एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ माकारेंको तिचे प्रमुख होते. १९३४ पासून त्या मुलांच्या कारखान्यात 'लायका'च्या नमुन्यावर कॅमेरे नियमितपणे तयार होऊ लागले. वसाहतीला झेर्झिन्स्की यांचे नाव होते. त्या नावाची आद्याक्षरे घेऊन कॅमेऱ्याला 'फेड' म्हणू लागले. रस्त्यावरची पोरे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचे काम करू शकतात, हे त्या वसाहतीने दाखविले. या घराण्यातले फेड आणि झोर्की कॅमेरे आजही लोकांच्या हाती आहेत. त्यांचा एक कडक नियम आहे: आधी दांडी किंवा मूठ फिरवून शटर ताणावे, आणि मगच वेगाची चकती हलवावी. ताणण्यापूर्वी ती हलविली तर 'झोर्की फोर'सारख्या कॅमेऱ्यात आतल्या संथ वेगाच्या चक्रांना इजा होते आणि कॅमेरा अडतो. आधी काय आणि मग काय, हे न पाहता हात घातला की भक्कम यंत्रही बसते.

क्रम चुकण्याचे दुसरे उदाहरण 'हासलब्लाड'चे. स्वीडनमधील योटेबोरी येथला '५०० सी' हा कॅमेरा १९५७ साली निघाला. त्याचे शटर भिंगात असते, आणि ते ताणण्याचे काम मागच्या पेटीतला एक बारीक दांडा करतो. म्हणजे पेटी आणि भिंग, दोन्ही एकाच अवस्थेत पाहिजेत. दोन्ही ताणलेली असतील तरच भिंग काढता-घालता येते. एक ताणलेले आणि दुसरे सुटलेले राहिले, तर दोहोंपैकी कोणीही मोडलेले नसते, पण काम मात्र ठप्प होते. संघटनेच्या माणसाला ही अवस्था ओळखीची वाटते! उपाय असा: फिल्मची पेटी पातळ पत्रा सरकवून बंद करावी आणि काढून घ्यावी, म्हणजे फिल्म सुरक्षित राहते. मग मागच्या बाजूने, दोन पाळ्यांच्या मधून लांब, अरुंद पेचकस आत घालून, भिंगाच्या दांड्यावरची खाच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, टक् असा आवाज येईपर्यंत हलकेच फिरवावी. भिंगाला ओरखडा पडेल अशी शक्यता असते, म्हणून ज्याचा हात थरथरतो त्याने हे दुसऱ्याकडून करवून घ्यावे.

चौथा प्रश्न: यंत्र स्वतःच्याच चिकटपणात रुतले आहे काय? तीस-चाळीस वर्षे बंद पडलेल्या कॅमेऱ्यात ग्रीसचे मेण होते. जपानी कॅमेऱ्यांत आरशाच्या माथ्याशी आणि पाठीच्या कडेला काळा स्पंज लावलेला असतो. त्याचे कालांतराने डांबर होते. आरसा वर जातो, त्या डांबराला चिकटतो, आणि खाली येत नाही. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. कातडी वेष्टन ओल धरून ठेवते. म्हणून कोकणातल्या, मुंबईतल्या कॅमेऱ्यांच्या भिंगावर बुरशीची जाळी दिसते. कॅमेरा सांभाळावयाचा असेल तर वेष्टन एका कपाटात आणि कॅमेरा दुसऱ्या, कोरड्या जागी ठेवावा.

येथे एक हात जोडून विनंती आहे. आपल्या घरात शिवणयंत्राच्या तेलाची कुपी असते, आणि करकरणाऱ्या बिजागरीपासून सायकलच्या साखळीपर्यंत सर्वांवर तिचा उतारा चालतो. कॅमेऱ्यावर ती चालत नाही. शटरच्या पाती कागदाहून पातळ असतात आणि त्या कोरड्या असल्या तरच उघडमीट करतात. तेलाचा एक थेंब पसरत पसरत पातींवर गेला की त्या ओल्या पत्रावळींप्रमाणे एकमेकींना चिकटतात. चार दिवस कॅमेरा चालल्यासारखा वाटतो आणि मग कायमचा बसतो. तेल द्यावयाचे असते ते सुईच्या टोकाने, ठराविक जागी, जुने पुसून काढल्यावर. आणि ते कारागिराचे काम आहे.

आता या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट. कॅमेऱ्याची किंमत पैशांत मोजता येते. आत राहिलेल्या फिल्मची येत नाही. उजेड लागलेल्या पण न धुतलेल्या फिल्मवर चित्र उमटलेले असते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ते अंधारात वर्षानुवर्षे राहते, हळूहळू फिके होते. कृष्णधवल फिल्मवर बरेच टिकते, रंगीतवर कमी. पण पाठीचे दार क्षणभर उघडले की ते गेले. म्हणून अडलेल्या कॅमेऱ्यात फिल्म नाही असे सिद्ध होईपर्यंत ती आहे, असेच धरून चालावे.

एक प्रसंग सांगतो. सायझिंगमध्ये काम करणाऱ्या एका दिवंगत कामगाराची मुलगी त्यांचा कॅमेरा घेऊन आली. जपानी, पस्तीस मिलिमीटरचा. दांडी अर्ध्यात अडलेली. तिने तो दोन ठिकाणी दाखविला होता. एका ठिकाणी सांगितले, भंगारात घाला. दुसऱ्या ठिकाणी वरची चकती फिरवून पाहिली. ती अगदी मोकळी फिरत होती, म्हणून सांगितले, आत काही नाही, मागचे दार उघडून टाका. मुलीने ते उघडले नाही, हे तिचे शहाणपण. कारण मोकळ्या फिरणाऱ्या चकतीचे दोन अर्थ होतात. फिल्म नाही किंवा पुरती गुंडाळली गेली आहे, हा एक अर्थ. कोणीतरी शेवटी जोराने दांडी ओढली आणि फिल्म डबीतून उखडली, हा दुसरा. आकडा सदतिसावर होता आणि दांडी अडलेली होती. तेव्हा दुसराच अर्थ खरा असण्याचा संभव अधिक. रात्री कचेरीतल्या आतल्या खोलीचे दार लावून, फटींना घोंगडी लावून, दिवा मालवून, आम्ही पाठ उघडली. बोटांना फिल्म लागली. ती सगळी पलीकडच्या रिळावर होती. चाचपडत सोडवून, गुंडाळून, काळ्या डबीत बंद केली. तांबडा दिवाही लावता येत नाही. साध्या फिल्मला तोदेखील दिसतो. धुऊन आल्यावर बावीस चित्रे ओळखू येण्यासारखी निघाली. त्यांतल्या एकात तिची आई मागाशेजारी डबा घेऊन उभी होती. आईचा कामाच्या जागेवरचा दुसरा फोटो त्या घरात नव्हता.

मंडळी, श्रीमंतांच्या घरी तैलचित्रे असतात. कामगाराच्या घरी एखादी फिल्म असते. मोर्चे, संप, गेटसभा, पहिला पगार, चाळीतले बारसे, याची नोंद सरकारी दप्तरात सापडत नाही. ती असलीच तर अशा कॅमेऱ्यांत आहे. म्हणून 'उघडून तर पाहू' म्हणणाऱ्याचा हात धरावा, असे आम्ही म्हणतो.

शेवटचा प्रश्न उरतो: चारही प्रश्न विचारून झाले, तरी कॅमेरा अडलेलाच असेल तर? तर थांबावे आणि तो जाणत्याच्या हाती द्यावा. स्वतः स्क्रू काढू नयेत. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या पेचकसाच्या मापाचे नसतात; खाच थोडी वेगळी असते, आणि आपला पेचकस ती खाऊन टाकतो. कारागिराकडे जाताना दोन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: अडण्यापूर्वी आपण शेवटचे काय केले, आणि आत फिल्म आहे की नाही. पुष्कळ लोक पहिली गोष्ट लपवितात. डॉक्टरापासून दुखणे लपवावे तसेच ते आहे.

आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. 'दहा मिनिटांच्या कामाला एवढे पैसे?' असे विचारणारे आम्ही पाहिले आहेत. ती मजुरी दहा मिनिटांची नसते; कोठे हात लावावयाचा नाही हे शिकण्यात गेलेल्या तीस वर्षांची असते. ही माणसे आता थोडी उरली आहेत. सुटे भाग मिळत नाहीत. एक कॅमेरा जगविण्यासाठी दुसरा मोडावा लागतो. उदकमंडलमची सरकारी 'हिंदुस्तान फोटो फिल्म्स', जिची 'इंदू' फिल्म आपण वापरली, ती १९६० साली स्थापन झाली आणि आज बंद आहे. कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रे लिलावात निघतात, पण हातांतले ज्ञान कोणी लिलावातही घेत नाही. ते माणसाबरोबर घरी जाते आणि त्याच्याबरोबरच संपते.

आपल्याच कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव पेंटर या भावांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला होता. आनंदराव १९१६ साली गेले. बाबुरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. तो कॅमेरा अडला असेल तेव्हा त्यांनी कोणाकडे नेला असेल? कोणाकडेच नाही. ज्याने घडविले त्याला प्रत्येक खटक्याचे कारण ठाऊक होते. आज आपण वस्तू विकत घेतो, पण तिचे कारण विकत मिळत नाही. आणि कित्येक कारखानदारांना ते आपल्याला कळू नये असेच वाटते. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, हे योग्यच झाले. पण हक्क कागदावर आला तरी दुरुस्त करणारा हात शिल्लक पाहिजे. ज्यांच्या गावात असा एखादा कारागीर आहे, त्यांनी आपली मुले महिन्यातून एक रविवार त्याच्याजवळ बसवावीत. अडल्या हरीला गाढवाचे पाय धरावे लागतात, अशी म्हण आहे. वेळीच शिकून ठेवले तर ती पाळी येत नाही.

तेव्हा थोडक्यात सांगावयाचे ते असे. कॅमेरा अडला की हात मागे घ्यावा. फिल्म संपली काय, तो वाट पाहतो काय, क्रम चुकला काय, चिकटला काय, हे चार प्रश्न याच ओळीने विचारावेत. तेल घालू नये. अंधार केल्यावाचून दार उघडू नये. आणि आपल्याला कळेनासे होईल तेथे थांबून, ज्याला कळते त्याला मानाने बोलवावे. आपल्यापैकी कोणाच्या ट्रंकेत असा एखादा कॅमेरा असेल तर घरी गेल्यावर तो काढून पाहा. पण आज रात्री फक्त आकडा कितीवर आहे, तेवढेच पाहा.